दोन चौकटी

मर्नाने फॉर्म टेबलावर सरकवला,
उडू नये म्हणून वर आईचंच साखरेचं भांडं ठेवलं.
"अठ्ठ्याहत्तरच्या आधीचं घर, देझो. भरावाच लागतो."
दोन चौकटी:
घरात शिशाचा रंग असल्याचं माहीत आहे.
माहीत नाही.
"घराची तपासणी कधी केलीत? नाही ना?
मग खालच्या चौकटीत खूण करा."
किंमत सव्वा लाख डॉलर लावली होती,
मूठ झाकलेली राहील या हिशेबाने.

बाहेर मॉमी नदीवरचा बर्फ तडकत होता.
मी म्हणालो, पेन उमटत नाहीये.
उमटत होतं.

बाबा मालगाडीचे डबे रंगवायचे.
शनिवारी पिंपाच्या तळाशी उरलेला रंग
कॉफीच्या रिकाम्या टिनात घेऊन यायचे,
सायीसारखा जाड, पांढरा.
म्हणायचे, हा आपल्याला पुरून उरेल.

दर एप्रिलमध्ये खिडक्यांना एक हात.
असे सात हात चढले. आठही असतील.

लोरांत तेव्हा खिडकीच्या कडेइतकाच उंच.
त्याला दाढा येत होत्या.
बाबांची वाट बघत तिथे उभा राहायचा
आणि कड चघळायचा,
पोपडा जिभेवर मऊ होईपर्यंत.
आई रागवायची, पण रंगासाठी:
"किती मेहनतीने दिलाय, आणि हा उंदीर!"

पुढे शाळेने कळवलं,
याच्या डोक्यात काही शिरत नाही.
शिसपेन्सिलीत शिसं नसतंच म्हणे.
डझनांनी झिजवल्या त्याने,
आपल्या नावातला एक 'आर' सुलटा काढायला.

पण त्याच्याही आधी,
एकाहत्तर साली, नगरपालिकेची बाई आली होती.
त्याच्या बोटातून रक्त घेऊन गेली.
महिन्याने पत्र आलं. त्यात एक आकडा होता.
आईला हंगेरियनच वाचता यायचं,
घरातली सगळी पत्रं मी वाचून दाखवायचो.
अकरा वर्षांचा होतो.
वाचलं: मुलाला लोह द्या. पालक द्या, यकृत द्या.
पुढची ओळ होती, खिडक्या खरवडून काढा.
बाबा समोर बसले होते,
नखांच्या कडांना पांढरं.
मी पत्राची घडी घातली.
आई म्हणाली, एवढंच?
मी म्हणालो, एवढंच.

तेव्हा तपासणी झाली होती, मर्ना.
घराची नाही, एवढंच.

ओडेट प्रुइट घर बघायला आली ती सातव्या महिन्यात.
त्याच कडेवर तळहात टेकून
नवऱ्याला म्हणाली, पाळणा इथे. ऊन छान येतं.
मी खालच्या नळांविषयी बोलत राहिलो.

अर्धं घर लोरांतचं आहे,
म्हणून सही त्याचीही लागते.
फॉर्म घेऊन त्याच्या वसतिगृहात गेलो.
तो जेवणाचे ट्रे रचत होता, छप्पन्न वर्षांचा,
प्रत्येक ट्रेची कड खालच्या कडेशी जुळवत.
विचारलं, काय लिहिलंय?

पुन्हा वाचून दाखवणारा मीच.
या वेळी सगळं वाचलं. फॉर्म वाचला,
मग खिशातून ते पत्रही काढलं, घड्यांवर फाटलेलं.
तो आकडा वाचला. ती ओळ वाचली.
मग, ती मी तेव्हा वाचली नव्हती, हेही सांगितलं.

लोरांतने हातातला ट्रे रचला. पुढचा उचलला नाही.
बराच वेळाने म्हणाला,
"गोड होता. खालचा जास्त गोड."
मग विचारलं, सही कुठे?
वरच्या चौकटीशेजारी बोट ठेवलं मी.
त्याने लिहायला घेतलं. 'आर'पाशी थांबला,
माझ्याकडे बघितलं,
आणि उलटाच काढला.

मर्ना म्हणते, आता नव्वदच्या वर कोणी जाणार नाही.
ओडेटला विचार करायला दहा दिवस आहेत. आज चौथा.
माहितीपत्रकात लिहिलंय, जुनी खिडकी सरकवू नका,
लाकूड घासलं की रंगाची धूळ उडते.
म्हणून बंदच ठेवलीय.
काचेतून बघतो,
गुडघे टेकून, त्याच्या उंचीला:
इथून रस्ता नीटसा दिसतच नाही.
कारखान्याकडचं वळण तेवढं दिसतं.