टिकलीची कड

निळकंठ हटवारनं रुमाल सोडला
आणि अकरा रिकाम्या पुंगळ्या ओट्यावर घरंगळल्या.
बोडीतल्या माशाच्या पोटासारखं पितळ.
"जराशीच जास्त भरली जी, काका.
डुक्कर जागच्या जागी. अन् काई झालं नाई."

बाबांनी डावा कान पुढं केला.
उजवा कारखान्यातच राहिला,
चाचणीच्या खोलीत, एकतीस वर्षांच्या धडाक्यांखाली.
मग घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून
एकेक पुंगळी बुडाकडून बघत गेले,
रोवणीआधी पऱ्ह्याचं मूळ बघावं तशी.

"हे टिकली पाय. हिची कड गोल पायजे.
हे पसरली. अन् हे तर पार सपाट,
ओल्या कणकेवर अंगठा दाबल्यावानी.
हा बुडावरचा चकचकीत चट्टा कशाचा?
पितळ पोलादाच्या भोकात घुसून पायत होतं.
बोल्ट उचलाले तळहात मारला का तू?"

निळकंठ गप्प.

"मारला."

"मंग किती भरू, तेवढा आकडा सांगा नं."
आकडा बाबा कुणालाच सांगत नाहीत.
आकडा ज्या-त्या नळीचा, म्हणतात,
दुसऱ्याचा चष्मा लावून सुईत दोरा जात नाही.
"पुस्तकात वरची हद्द लिहून असते,
ते गाठासाठी नसते रे.
धुऱ्यावर कोणी धान रोवते का?

अन् खुणेच्या भरोशावर राहू नको.
खूण मागून येते.
टिकली बोलते तवा दाब कवाचाच पुढं गेला असते.
कदी बोलतच नाई.
अकराच्या अकरा गरीब गाईवानी,
अन् बारावी…"
पुढचं त्यांनी भिंगाबरोबर डबीत ठेवलं.

मग एकदम:
"बाकीच्या कुठी हायेत?"
"डिक्कीत."
"भरल्या कवा?"
"पुसात."

अंगणात वैशाख. हापशीच्या दांड्याला
हात लावायची सोय नव्हती.
मोटारसायकल सकाळपासून उन्हात,
सावली चिंचेची, ती सरकून गोठ्यावर गेलेली.
"तुई माय पुसात लावते तेवढंच विरजण
वैशाखात लावते का?"
निळकंठ हसला. बाबा हसले नाहीत.
दारूलेही ऊन लागते, म्हणाले,
आणि स्वतः उठून, भिजलं फडकं हातावर घेऊन,
नऊ काडतुसं सावलीत आणली,
झोपलेलं लेकरू आणावं तशी.

दुपार उतरल्यावर ती उकलली.
शिसं एका वाटीत, दारू वर्तमानपत्रावर,
करड्या तिळासारखी, नऊ चिमूट.
तलावाच्या पाळीवर उघड्या मातीत रेघ ओढली,
लांब काडीनं टोक पेटवलं.
मी श्वास धरून.
भुर्र. पिवळी जीभ, थोडा धूर, संपलं.
उडाला तो एक बगळा, तोही माझ्या खोकल्यानं.
"एवढीच असते ते," बाबा म्हणाले.
"आवाज कोंडल्याचा."

मी उपकेंद्रातली सिस्टर.
घरी आल्यावर पिशवीतून पट्टा काढला,
त्यांच्या दंडाला बांधला, फुगवला.
पारा वर, अजून वर.
"बाबा, गोळी?"
"नाई घेतली. चार दिवस झाले.
काई झालं नाई."

शब्द तोंडातून निघाले
आणि ते ओट्यावर बघू लागले,
जिथं अकरा पुंगळ्या अजून रांगेत होत्या,
बुडं आमच्याकडं करून.

मी किल्ली सैल केली. हवा सुस्कारत गेली.
बोडीपलीकडं निळकंठची गाडी
एकदा, दोनदा फुसफुसून सुरू झाली.
बाबांनी डावा कान तिकडं केला,
ती वळणापार जाईपर्यंत.