डावं पुढचं चाक

सेनोबियोने ट्रक अंगणात आणून उभा केला
तेव्हा डावं पुढचं चाक दात खात होतं.
"कधीपासून?"
"कालपासून," तो म्हणाला.
म्हणजे महिन्यापासून.

फेब्रुवारीत मिठाच्या मैदानावर घोटाभर पाणी.
वर आभाळ, खाली आभाळ, मधून हा
वीस पोती मीठ लादून कोल्चानीला येतो.
सांगून थकले, पाण्यात घालू नकोस.
त्याला घाई, आणि ट्रकला तोंड नाही.

जॅक. त्याखाली रेल्वेचा जुना स्लीपर,
कारण इथली जमीनही अर्धी मीठच.
चाक दोन्ही हातांत धरून हलवलं
खुट्.
दुखरा दात असाच सापडतो.

सहा नट. एक तुटला, अर्थात.
वॉशरचे दुमडलेले कान सरळ केले.
मधल्या मोठ्या नटाचा पाना आमच्याकडे कधीच नव्हता;
छिन्नी, हातोडी, आणि बाबाचं एक वाक्य :
ठोक, पण रागाने नको.
नट राग ओळखतो.

हब सुटला. जड. मांडीवर घेतला.
आत ग्रीस नव्हतं.
आत करडं, दुधाळ काहीतरी,
एक्सलचं तेल, पाणी, मीठ, सगळं एकजीव,
नासलेल्या आंबिलीसारखं.
सीलचा ओठ कडक, चिरलेला,
बेअरिंगच्या रुळांवर देवीचे व्रण.
बोट जिभेला लावलं (वाईट खोड).
खारट.

पन्नास वर्षं या ट्रकने मीठ खाल्लं
आणि खाल्ल्या मिठाला जागला.
मीठ स्वतः कुणाच्या मिठाला जागणार?

मग गोल सांध्यामागची पट्टी सोडवली.
तिथे नमद्याची चकती असते, धूळ पुसून घेणारी.
होती. पण कंपनीची नव्हती.
हाताने कापलेली, एका जागी चार टाके,
पेट्रोलमध्ये खळबळली तर तपकिरी,
काठाला रेशमी फितीचा एक धागा
अजून चिकटून.

आईची हॅट.
पोतोसीहून आणलेली, लग्नातली,
मी सहा वर्षांची असताना गेली.
बाबा म्हणाला होता वाऱ्याने नेली,
मैदानावर, पार टोकापर्यंत, मी धावलो मागे.
त्या वर्षी पार्ट मिळत नव्हते.
पावालाही रांग होती.
आणि मी शिकायला लागले तेव्हापासून
उजवं चाक नेहमी मला द्यायचा,
डावं स्वतः उघडायचा.
मला वाटायचं, डावं अवघड असेल.

आई भिंतीला टेकून बटाटे सोलत होती,
डोळ्यांनी नाही आता, अंगठ्याने.
तोच अंगठा चकतीवरून फिरला,
टाक्यांपाशी थांबला.
"वाऱ्याने," ती म्हणाली,
"कापलंय मात्र नीट."
आणि पुढचा बटाटा घेतला.

इकिकेहून आलेल्या खोक्यात सगळं नवं,
नमदासुद्धा, जरा पातळच.
तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन
बेअरिंग त्यात दाबत राहायचं, दाबत राहायचं,
पलीकडच्या फटींतून वर येईपर्यंत.
सील लाकडी ठोकळ्याने बसवलं, चहूबाजूंनी, हलक्या हाताने.
किन्वा तोलायचा आईचा स्प्रिंगचा काटा
बोल्टला अडकवून ओढला :
चार किलोला हब हलला.
ना घट्ट, ना ढिला. वॉशरचे कान पुन्हा दुमडले.

चाक फिरवलं.
फिरलं. बोललं नाही.

"पाण्यात घालू नकोस," मी म्हटलं.
"नाही," सेनोबियो म्हणाला.
म्हणजे घालणार.

जुनी चकती आईने मागितली नाही,
मीही दिली नाही.
शर्टच्या खिशात आहे.
तेल झिरपतंय, गोल डाग पडलाय,
धुऊन जाईलसं वाटत नाही.