एक टांगा, एक न्या

कुल्फीची गाडी होती ती आधी.
बर्फाचा डबा उतरवला, तिथं बाभळीची फांदी रोवली,
फांदीला आडवी बांधली
माझ्या बापाची पिंजायची धनुकली.
तांत नवी. बाकी सगळं बाईंचं डोकं,
फैजपूरच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या त्या कुंदा फेगडे बाई.
म्हणाल्या, हिला हॉल नको, भिंत नको,
फीत कापायला माणूस नको.
रज्जाक, तू नुसती ओढ. रस्ता वाजवील.

रस्त्यानं वाजवलं.
यावलपर्यंत डांबर गुळगुळीत, गाडी मुकी.
पुढं खडी लागली तशी बोलायला लागली.

नियम एकच, पत्र्यावर रंगवलेला :
एक टांगा, एक न्या.

चोपड्याच्या नर्सबाईंनी इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या
दोऱ्यात ओवून टांगल्या,
नेली सायकलची घंटी, मुलासाठी.
अमळनेरात एका म्हाताऱ्यानं बंद गिरणीतला धोटा दिला,
दोन बोटांनी हलवून बघितला, परत हलवला,
न्यायचं त्याचं राहूनच गेलं.
नंदुरबारला मिरच्यांची माळ आली, वाळकी.
बियांचा खुळखुळाट असा की कान लावावा,
आणि कान लावला की शिंक.
ती शिंकसुद्धा वहीत लिही, बाई फोनवर म्हणाल्या,
तारखेसकट.

मधलं धरणगाव सांगायचं टाळत होतो.
तिथं चहावाल्या सुपडूनं
जिनिंगमधली करवतीची चकती टांगली,
खिळा लागला तर दुपारभर न संपणारी,
आणि म्हणाला, ती कमान नेतो.
ताडपत्रीला टेकू पाहिजे होता त्याला.
मी पत्र्याकडे बघितलं. पत्रा मीच रंगवला होता.
गाठ सुटेना, थुंकी लावून ओली केली.
बाप असता तर म्हणाला असता,
गादीत आता फोम भरतात, ने म्हणावं,
आणि अर्धा चहा मागवला असता.

आता गाडीवर पहिल्या दिवशीचं काहीच नाही.
चाकंसुद्धा शिरपूरला बदलली.
बाईंना फोनवर ऐकवली.
बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, ही कोणाची?
चिडून नाही. शेजारच्या अंगणात
नवं पोर दिसलं की विचारतात, तसं.

परतताना वैशाख, वारं सुटलेलं.
धरणगावच्या फाट्यावर लांबूनच कळलं :
तुण. मग काहीच नाही. मग तुण.
ताडपत्री फुगते, कमान वाकते, तांत बोलते.
सुपडू पातेलं सोडून धावत आला,
लई जाय रे भो हाई!
रातभर निजू देत नाही म्हणाला,
गिऱ्हाईक चहा गार करून ऐकत बसतं.

मी म्हटलं, नियमात परत घेणं नाही.
टांगायचं तर दुसरं काही टांग.

रागारागानं त्यानं बशी दिली.
न्यायला काही नको म्हणाला.
तडा गेलेली बशी, निळ्या काठाची.
ती वाजते म्हणावं की नाही,
वहीत तेवढी ओळ अजून कोरी आहे.