एकतिसावी पायरी

सायमी, तो पाच रकान्यांचा तक्ता आधी मिटव.
कुणाला किती तारे, कुणाचा लोगो देखणा,
हे बघून बोटींवर सॉफ्टवेअर चढवायचं नसतं.
बाहेर बघ, औरा नदीवर अर्धा पाऊस, अर्धा बर्फ,
आणि कोर्प्पोची शेवटची फेरी
अजून धक्क्याला लागायची आहे.
तिच्या तिकीटयंत्रात आज रात्री नवी आवृत्ती जायची.

सत्तावीस वर्षं मी हे हातानं केलं.
निळी वही, त्रेचाळीस पायऱ्या,
प्रत्येकीपुढे पेन्सिलीची खूण.
एकदा सतरावी राहिली.
दुसऱ्या दिवशी एकोणीस गाड्या
ऐन जानेवारीत उन्हाळी वेळापत्रकाच्या भरवशावर
रांगेत ताटकळत उभ्या,
आणि त्यातल्या एकीत कळा देणारी बाई.
मुलगी झाली, तिथंच, धक्क्यावर.
तिचं नाव त्यांनी माझ्यावरून ठेवलं नाही.

म्हणून हे काम यंत्राला दे, जरूर दे.
पण तुला काय काय येतं, असं विचारू नकोस;
विकायला आलेल्याला सगळंच येत असतं.
हेलसिंकीहून चकचकीत बुटांचा कुणी येईल,
पडद्यावर एकामागून एक हिरव्या खुणा उमटवेल.
तेव्हा तू ऊठ आणि मध्येच केबल उपट.
त्याच्या चेहऱ्याकडे बघू नकोस, यंत्राकडे बघ.
अर्ध्यात अडकलंय, हे ते कबूल करतं का?
की "झालं" म्हणून मोकळं होतं,
गृहपाठ न केलेल्या पोरासारखं?

परतीची वाट विचार.
पुढे काय, उतारावरून धोंडासुद्धा जातो.

एकच आज्ञा चुकून दोनदा दिली तर?
सामनच्या सूपात आईनंही मीठ घातलं, बापानंही,
तरी चव तीच राहावी, असं हवं.
पासवर्ड कुठे ठेवतं तेही बघ.
किल्ली पायपुसण्याखाली असेल
तर कुलूप कितीही महागाचं घे.
आणि पहाटे तीनला, झोपेतून उठवलेल्या,
चष्मा न सापडलेल्या माणसाला
त्याचं लिहिलेलं वाचता येईल ना?
तो माणूस बहुधा तूच असशील.

आपल्या बोटी बारा.
बारा बोटींसाठी विमानतळ बांधू नकोस.
उर्ह्यो म्हणतो ते मोठं टूल चांगलंच आहे,
पण ते सांभाळायला आणखी तीन उर्ह्यो लागतील,
आणि आहे तो एक
मार्चमध्ये बाळाच्या रजेवर चाललाय.

आता एकतिसाव्या पायरीचं सांगते.
वहीत एवढंच होतं: नऊ मिनिटं थांबा.
का, ते नव्हतं.
लिहिणारा तोर्स्टी त्याच वसंतात गेला,
विचारायचं कुणाला?
कॉफी पीत असणार, आम्ही म्हणालो.
खुंटीवर त्याचा कप अजून लटकत होता,
त्याच्याकडे बघून हसलोही.
नव्या यंत्रात ती पायरी गाळून टाकली.
तीन रात्री सुरळीत गेल्या.
चौथ्या रात्री, उणे बावीस तापमानात,
नाउवोच्या धक्क्यावरचं फाटक उघडेना.
तिथला म्हातारा संगणक कडाक्याच्या थंडीत
जागा व्हायला साडेआठ मिनिटं घेतो.
हे तोर्स्टीला ठाऊक होतं.
अर्धं मिनिट त्यानं
त्या संगणकाला म्हणून वाढवून दिलं होतं.

तेव्हापासून मी टूलची परीक्षा एकाच प्रश्नानं घेते:
पायरीशेजारी कारण लिहायला जागा आहे का,
आणि ते कारण पायरीबरोबरच राहतं का,
माणूस गेल्यावरही?

बाकी तक्ता तू भर, सही मी करते.
माझे इथले अकरा आठवडे उरलेत,
भांडण तुला निस्तरायचंय, मला नाही.

फेरी लागली वाटतं, भोंगा ऐकलास?
चल, सुरू कर.
आणि एकतिसावी आली की ऊठ,
किटली तिकडे, खिडकीपाशी आहे.
कप कुठलाही घे.
तोही घेतलास तरी चालेल.