मेडिकलमध्ये, मंगळवारी

"फॅक्टर संपला, मंगळवारी या."
खिडकीवरून सुजलेला गुडघा घेऊन
परत निघालो होतो.
कोपऱ्यातल्या खोलीत मेश्राम मॅडम,
समोर रिकामी खुर्ची.
"बसा न भाऊ. गुडघ्याचं नका सांगू.
झोप येते काय?"

तीस वर्षं
आई चादरीवरचे डाग मोजत आली,
डॉक्टर टक्के.
हे कुणी विचारलंच नव्हतं.

म्हटलं, येते.
मग म्हटलं, नाही येत.
दाढी करताना हात थांबतो,
पोरगी अंगावर उडी घेते
तेव्हा मी आधी सांधे झाकतो,
मग तिला धरतो.
इतकं बोललो अन् रडलो.
बाप्पा, किती वेळ.

मॅडमनी उठून कूलर फुल केला,
बाहेरच्या रांगेला ऐकू जाऊ नये म्हणून.

मंगळवारी गेलो.
फॅक्टर आला नव्हता.
तरी बसलो.