परिच्छेद चौदा

कोर्टाबाहेरच्या माझ्या टपरीत
टायपिंगला पानी तीस रुपये.
दस्तगीर बाणदार बोलत होते, मी बडवत होतो :
'सदर नदीच्या पाण्याने वजू होत नाही.'
कॉम्प्युटर दर वेळी 'वजू'चं 'वजा' करायचा.
मी परत ऊकार द्यायचो.

म्हणाले, आमच्यात पाण्याच्या तीन खुणा.
रंग. वास. चव.
घाण मिसळून एक जरी फिरली
तर ते पाणी नुसतं ओलं.

आवटी मॅडमनी पेन्सिलीनं चौदावा खोडला.
"चाचा, हरित न्यायाधिकरण आहे, मदरसा नाही.
आपलं कलम एकवीस भक्कम.
जगण्याचा हक्क, त्यातच स्वच्छ पाणी आलं."
"बरोबर आहे, बाई.
पण त्यात माझी म्हैस आली का?
आमच्या जुन्या किताबात तहानेचा हक्क आहे,
तो जनावरालापण आहे.
तहानेल्याला विहीर कुणाची ते विचारायचं नसतं."
मॅडम पेन्सिल दातात धरून बसल्या.

अर्जदार क्रमांक दोन, सुमन भोई,
अंगठ्याची शाई पदराला पुसत म्हणाली,
चव मला विचारा.
वांब तिखटात बुडवली
तरी मळीच लागती.

मंडळाचा अहवाल डिसेंबरात आला.
छापील तक्ता.
रंग : तपकिरी.
वास : आक्षेपार्ह.
चवीला रकानाच नव्हता.
तपासणाऱ्यानं तरी ते तोंडात का घालावं.

त्या दिवशी मॅडमनी माझ्याकडून खोडरबर मागून घेतलं.
पेन्सिलीची रेघ पुसली.
चौदावा पुन्हा जागेवर,
तेराव्यातल्या कलम एकवीसला टेकून.

पुण्यात तारीख पडली.
कारखान्याचे वकील 'वजू'वर हसले म्हणे,
आणि लेखी उत्तराला मुदत मागितली.
मिळाली.
मग आणखी एक.

परवा अंकलीच्या पुलाखाली
बाणदार दिसले, असरच्या वेळेला.
नदी काठोकाठ.
ते उकिडवे बसून मातीवर तळवे टेकवत होते,
पाणी नसलं की चालतं तसं.
तोंडावरून फिरवायला हात उचलले
आणि मध्येच थांबले.
दोन्ही तळव्यांवर काळं.
धुराड्याची राख.

बराच वेळ हात तसेच धरून होते,
कुणाला दाखवावेत तसे.
मग मला हाक मारली :
"मातीचा परिच्छेद घेतलाय का रे आपण?"