चीबरी, पिंगळा

रावपुऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
एकतीस वर्षं रात्रपाळी केली.
ती मी मागून घेतली होती,
हे घरी कधी बोललो नाही.

मागच्या चिंचेला ढोली होती.
जशुभाई म्हणायचे, चीबरी छे, अपशुकन.
आई म्हणायची, पिंगळा तो, बोलेल ते ऐकून ठेवावं.
दार मात्र दोघंही लावून घ्यायची.

सातवीत चष्मा लागला
तेव्हा वर्गानं नावं ठेवली बरीच.
घुबड तेवढं टिकलं.
थोरल्याचा सदरा अंगाला बसेपर्यंत वापरावा
तसं मी ते वापरलं.

काड्यापेटीत अजून आहे
त्यानं ओकलेली एक गोळी:
उंदराची कवटी, केसांत गुरफटलेली,
टोळाची एक तंगडी.
लग्नानंतर आठवड्याभरात कुमुदला दाखवली.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, दात बघा किती पिवळे.
निभेल, वाटलं.

एक्स्चेंजला कुलूप लागलं.
चिंच कधी तोडली, कळवलं नाही कुणी.

परवा कमाटीबागेच्या कुंपणाशी
दिव्याच्या खांबावर एक दिसला.
मान वर, खाली, जरा तिरकी,
माझं अंतर मोजत असावा.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे माझ्या,
म्हणून मीही तशीच मान हलवून पाहिली.

अहो, लोक बघतायत, कुमुद म्हणाली.
इकडंतिकडं पाहिलं तिनं,
आणि हळूच, एकदाच,
स्वतःही हलवली.